वर्डमध्ये भरलेले सर्व्हे फॉर्म एक्सेलमध्ये कसे आणायचे: नेहमी येणारे प्रश्न

आमच्याकडे सर्व्हे म्हटलं की अजूनही वर्डचाच फॉर्म. कुणीतरी एक जण हौसेने बनवतो, तो व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतो, आणि महिनाभराने माणूस पेनड्राइव्हमध्ये चारशे फाइली घेऊन समोर येऊन बसतो, "याचं तेवढं एक्सेल करून द्या ना, परवा मीटिंग आहे." मी नाशिकला कॉलेज रोडवर बसून हीच कामं करतो. मागच्या सीझनला द्राक्ष बागायतदारांच्या एका सर्व्हेचे फॉर्म आले होते, त्यात जेवढे म्हणून घोळ होऊ शकतात तेवढे सगळे एकदम भेटले, म्हणून खालची बरीचशी उदाहरणं त्यातलीच आहेत.

माझा फॉर्म नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे कसं कळणार?

हा प्रश्न पहिला विचारा, कारण पुढचं सगळं यावर आहे. वर्डमध्ये भरायच्या जागा दोन तऱ्हेच्या असतात. एक जुन्या, ज्यांना लेगसी फॉर्म फील्ड म्हणतात, राखाडी चौकोन दिसतो आणि फॉर्म लॉक केलेला असेल तरच त्या चालतात. दुसरे कंटेंट कंट्रोल, हे वर्ड २००७ पासून आले (त्यातला चेकबॉक्स २०१० ला आला), क्लिक केलं की भोवती चौकट येते आणि आत "क्लिक ऑर टॅप हिअर टू एंटर टेक्स्ट" असं फिकट लिहिलेलं असतं.

शंका असेल तर ऑल्ट आणि एफ९ दाबा. जागोजाग महिरपी कंसात फॉर्मटेक्स्ट, फॉर्मचेकबॉक्स, फॉर्मड्रॉपडाउन असे शब्द उगवले तर जुना प्रकार. काहीच बदललं नाही आणि चौकटी तशाच दिसल्या तर कंटेंट कंट्रोल. पुन्हा ऑल्ट एफ९ दाबलं की पूर्ववत.

आणि तिसरा प्रकार, जो सगळ्यात जास्त येतो, तो म्हणजे फॉर्म नसलेला फॉर्म. "नाव : ..............." असे टिंब टिंब दिलेले आणि लोकांनी टिंबांच्या मधे, टिंबांच्या पुढे, टिंबं खोडून, कसंही लिहिलेलं. याच्यातून आपोआप काढायला धरायला काही टोकच नसतं. तिथे टायपिंग करणारा माणूस बसवा, स्वस्त पडतो.

फक्त दहा-पंधरा फॉर्म आहेत, त्याला काय करू?

कॉपी पेस्ट करा. खरंच. मॅक्रो (तेच काम आपोआप करून देणारा छोटा प्रोग्रॅम) शोधण्यात दुपार घालवू नका.

वर्डमध्ये आयती काही सोय नाही का?

आहे, पण फक्त जुन्या लेगसी फील्डसाठी. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे खाली बरंच स्क्रोल केल्यावर "सेव्ह फॉर्म डेटा ॲज डिलिमिटेड टेक्स्ट फाइल" असा चौकोन दिसेल, त्याला टिक करायचं आणि मग सेव्ह ॲज करून प्लेन टेक्स्ट निवडायचं. नुसती उत्तरं एका ओळीत येतात, मधे स्वल्पविराम, चेकबॉक्स असेल तिथे टिक असेल तर १ नाहीतर ०. हेडिंग येत नाहीत, क्रम फॉर्ममधल्या क्रमाप्रमाणे, म्हणजे कॉलमची नावं तुम्हीच वर टाकायची.

सेव्ह करताना एन्कोडिंगची (म्हणजे अक्षरं फाइलीत कोणत्या पद्धतीने साठवायची याची) खिडकी येते, तिथे घाईत ओके मारलं तर विंडोज डीफॉल्ट लागतं आणि मराठी उत्तरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. अदर एन्कोडिंग, मग युनिकोड यूटीएफ-८. मग सगळ्या टेक्स्ट फाइली एका फोल्डरमध्ये टाकून एक्सेलच्या डेटा टॅबमधून गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर केलं की एकाखाली एक जोडल्या जातात. एकेक फाइल उघडून सेव्ह करणं पन्नासपर्यंत ठीक, पुढे हात भरून येतो.

कंटेंट कंट्रोल असतील तर?

मग मॅक्रो. लॉजिक सोपं आहे: फोल्डरमधली एकेक फाइल उघड, आतल्या प्रत्येक कंट्रोलचं टॅग (फॉर्म बनवताना त्याला दिलेलं नाव) आणि मजकूर घे, एक्सेलच्या एका ओळीत मांड, फाइल सेव्ह न करता बंद कर, पुढची घे. वीस-पंचवीस ओळींचं काम. पण खाचखळगे आहेत आणि ते कुणी सांगत नाही.

पहिला, रिकामी सोडलेली जागा रिकामी नसते. मजकूर मागितला की ते फिकट "क्लिक ऑर टॅप हिअर" वालं वाक्यच उत्तर म्हणून येतं. आमच्या त्या द्राक्षाच्या सर्व्हेत पहिल्या फेरीत साठेक शेतकऱ्यांच्या बागेची जात "क्लिक ऑर टॅप हिअर टू एंटर टेक्स्ट" निघाली होती, थॉमसनपेक्षा जास्त! शोइंग प्लेसहोल्डर टेक्स्ट नावाची प्रॉपर्टी असते, ती खरी असेल तर सेल कोरा सोडायचा.

दुसरा, चेकबॉक्सचा मजकूर मागू नका, नुसतं चौकोनाचं चिन्ह येतं. त्याची चेक्ड प्रॉपर्टी वाचायची.

तिसरा, आणि हा मराठीवाल्यांनाच चावतो. व्हीबीए म्हणजे ज्या भाषेत मॅक्रो लिहितात ती, तिच्यातलं फाइल शोधायचं जे डिर फंक्शन आहे ना, त्याला युनिकोड (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं) कळत नाही. फाइलचं नाव "निफाड सर्व्हे १" असं देवनागरीत असेल तर त्याला प्रश्नचिन्हं दिसतात, आणि त्या नावाची फाइल उघडायला गेलं की सापडतच नाही. एकतर फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट वापरा, नाहीतर आधी सगळ्या फाइलींची नावं बदलून नुसते आकडे करा. तसंच व्हीबीएच्या साध्या प्रिंट कमांडने टेक्स्ट फाइल लिहिली की मराठी गेलंच समजा, उत्तरं थेट एक्सेलच्या सेलमध्ये टाकायची.

चौथा, एखादी वर्ड फाइल चुकून उघडी राहिली असेल तर फोल्डरमध्ये तिची लपलेली सावली असते, नाव वळणदार डॅश आणि डॉलरने सुरू होतं. मॅक्रो तीही उघडायला जातो आणि अडकतो. डॉलरवाली वगळा.

मॅक्रो चालतच नाही, वर लाल पट्टी येते.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. कुणी मेलवर मॅक्रोची फाइल पाठवली असेल तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक. पण पाठवणारा ओळखीचा असेल तरच हं, ती पट्टी उगीच आलेली नाही.

पायथनने (प्रोग्रॅमिंगच्या भाषेने) करता येतं का?

येतं, आणि चारशेच्या वर फाइली असतील तर मी तेच करतो कारण वर्ड उघडायलाच लागत नाही. डॉक्सएक्स ही खरं तर झिप फाइल आहे. विश्वास नसेल तर एका फाइलची कॉपी घ्या, शेवटचं डॉक्सएक्स खोडून झिप लिहा, उघडा. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, तुमचा सगळा फॉर्म तिथे. प्रत्येक कंटेंट कंट्रोल एसडीटी नावाच्या एलिमेंटमध्ये गुंडाळलेला असतो, त्याच्या वरच्या भागात टॅग आणि टायटल, खालच्या भागात माणसाने लिहिलेलं. चेकबॉक्सची नोंद मात्र डब्ल्यू१४ या वेगळ्या नेमस्पेसमध्ये (नावाआधी लागणाऱ्या खुणेखाली) असते, नुसतं डब्ल्यू शोधत बसलात तर सापडणार नाही.

इथे बरेच जण पायथन-डॉक्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतात, पॅराग्राफचा मजकूर प्रिंट करतात आणि मला मेसेज करतात की फॉर्म रिकामे आलेत. रिकामे नाहीत हो, ती लायब्ररी पॅराग्राफ वाचताना एसडीटीच्या आतलं सोडून देते. प्रश्न सगळे दिसतात, उत्तरं गायब. एक्सएमएलमध्ये उतरून स्वतः एसडीटी शोधायचे.

जुनी डॉक एक्स्टेन्शनची फाइल झिप नसते, ती आधी वर्डमध्ये उघडून डॉक्सएक्स करून घ्या.

चॅटजीपीटीला फाइली देऊन टाकल्या तर?

मॅक्रो किंवा पायथनचा कोड लिहून घ्यायला वापरा, चांगला लिहितो. भरलेले फॉर्म मात्र देऊ नका. त्यात लोकांची नावं, मोबाइल नंबर, कर्ज किती, असलं सगळं असतं, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो काय फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. कोरा फॉर्म द्या, खोटी नावं भरून दोन नमुने द्या, तेवढ्यावर काम होतं.

डेटा आला पण मराठीचा कचरा दिसतोय.

दोन वेगळे आजार आहेत, औषध वेगळं.

अक्षरांच्या जागी उलटसुलट चिन्हं, टोप्या घातलेले इंग्रजी ए, असं काही दिसत असेल तर फाइल बरोबर आहे, एक्सेलने चुकीची वाचली. सीएसव्हीवर (स्वल्पविरामाने तोडलेल्या टेक्स्ट फाइलीवर) डबल क्लिक करू नका, एक्सेल आधी उघडा, डेटा, फ्रॉम टेक्स्ट, आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. झालं.

दुसरा आजार वाईट. वर्डमध्ये छान मराठी दिसतंय पण बाहेर काढलं की "laLFkk" छापाची इंग्रजी अक्षरं येतात. म्हणजे भरणाऱ्याने कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्या फाइलीत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेत, आणि टेक्स्ट काढलं की कपडे उतरतात. यात एन्कोडिंग बदलून काही होत नाही, कन्व्हर्टर लागतो, आणि कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही, म्हणून आधी कोणता फॉन्ट ते फाइलीगणिक बघावं लागतं. डीटीपीवाल्यांकडून भरून आलेले फॉर्म हमखास असे असतात. मी आता अशा फाइली सुरुवातीलाच वेगळ्या काढतो: ज्या उत्तरात एकही देवनागरी अक्षर नाही ती एका शीटवर, मग बघू निवांत.

एक्सेलने गट नंबरच्या तारखा केल्या!

करणारच. कुणी गट नंबर १२/३ लिहिला (इंग्रजी आकड्यात) की एक्सेलला वाटतं तारीख आहे, लगेच मार्च नाहीतर डिसेंबर करून ठेवतो. गंमत म्हणजे सातबारा हा शब्द कुणी आकड्यात लिहिला तर त्याचीही तारीख होते. आणि एकदा झाली की मूळ काय होतं ते परत मिळत नाही, सेल टेक्स्ट केला तर चाळीस हजारांच्या वरचा काहीतरी आकडा दिसतो. डेटा आणण्याच्या आधी, आधी म्हणजे आधीच, तो कॉलम टेक्स्ट करायचा. बारा आकडी नंबरही असेच, जनरल फॉरमॅटमध्ये मधे ई आणि अधिक चिन्ह घुसतं.

त्याच्या उलट देवनागरी आकडे. कुणी मोबाइल ९८ असा सुरू करतो, कुणी इंग्रजीत. माझ्याकडच्या एक्सेलमध्ये देवनागरी आकडे सेलच्या डाव्या कडेला मजकूर म्हणून चिकटून बसले आणि बेरजेत आलेच नाहीत, एकूण क्षेत्र कमी का भरतंय म्हणून तासभर शोधत होतो. दहा फाइंड-रिप्लेस मारून सगळे एका लिपीत आणा. पायथनला मात्र देवनागरी आकडे आपसूक कळतात, त्याचं कौतुक आहे.

क्षेत्राच्या रकान्यात २.१० लिहिलंय, म्हणजे किती?

अरे, हाच तर घोळ. शेतकऱ्याच्या डोक्यात दोन एकर दहा गुंठे असतात, चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे सव्वादोन एकर. एक्सेलच्या डोक्यात दोन पूर्णांक दहा शतांश. आणि ज्याने सातबारा समोर ठेवून भरलंय त्याने हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं. तिन्ही एकाच कॉलममध्ये आली की ती ओळखायचं कुठलंही सॉफ्टवेअर नाही, फोन करूनच विचारावं लागतं. आम्ही शंका आलेल्या प्रत्येकाला फोन लावले. एक आजोबा म्हणाले, "तुम्हाला बाग दाखवतो ना, या की दिंडोरीला, मोजून घ्या." फॉर्ममध्ये एकराचा डबा वेगळा, गुंठ्याचा डबा वेगळा, एवढं केलं असतं तर काही नव्हतं.

एकाच तालुक्याच्या पाच ओळी का येतात पिव्हटमध्ये (एक्सेलच्या गोषवारा तक्त्यात)?

कारण लोकांनी टाइप केलंय. बागलाण आणि सटाणा घ्या, तालुका बागलाण, गाव सटाणा, पण निम्मे लोक तालुक्यालाच सटाणा म्हणतात आणि चूक काही नाही त्यांचं. त्र्यंबक, त्र्यंबकेश्वर. पिंपळगाव, पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव ब. हे डोळ्याला तरी दिसतं.

न दिसणारं जास्त छळतं. "ॲ" हे अक्षर एका तुकड्याचंही टाइप होतं आणि "अ" वर चंद्र देऊन दोन तुकड्यांचंही. स्क्रीनवर दिसायला सारखंच, एक्सेलला दोन वेगळे शब्द. "शेतकऱ्यांचा" मधल्या त्या र चं तसंच, कीबोर्ड बदलला की आतली जुळणी बदलते. शेवटी पडलेली स्पेस तर आहेच. ट्रिम मारा, मग सगळ्या वेगवेगळ्या नावांची एक यादी काढा, शेजारच्या कॉलममध्ये बरोबर नाव लिहा आणि व्हीलुकअप किंवा एक्सलुकअपने बदला. मूळ कॉलम पुसू नका.

खरं तर नाशिक जिल्ह्यात तालुके पंधराच आहेत, ड्रॉपडाउनमध्ये मावतात. जुन्या लेगसी ड्रॉपडाउनमध्ये पंचवीसच पर्याय बसतात, त्यामुळे गावांची यादी त्यात येत नाही, नुसत्या निफाडची गावंच त्याच्या कितीतरी वर. कंटेंट कंट्रोलच्या ड्रॉपडाउनला ती मर्यादा नाही.

"लागू असेल त्या सगळ्यांवर टिक करा" याचे कॉलम कसे करायचे?

प्रत्येक पर्यायाला स्वतःचा कॉलम, आत १ किंवा ०. बागेवरचे रोग आणि किडी विचारल्या असतील तर डाउनी, भुरी, थ्रिप्स, पिठ्या ढेकूण, चार कॉलम. एकाच सेलमध्ये "भुरी, थ्रिप्स" असं कोंबलं तर मोजायला पुन्हा तोडावंच लागतं.

लोक फॉर्मच बिघडवून पाठवतात, काय करायचं?

डेव्हलपर टॅब (दिसत नसेल तर ऑप्शन्स, कस्टमाइज रिबन मध्ये टिक करा), तिथे रिस्ट्रिक्ट एडिटिंग, फिलिंग इन फॉर्म्स, स्टार्ट. मग फक्त उत्तराच्या जागांमध्येच लिहिता येतं. एक सावध करतो: भरलेल्या लेगसी फॉर्मचं लॉक काढून काही दुरुस्ती केली आणि मॅक्रोने पुन्हा लॉक लावलं तर लॉकच्या कमांडमध्ये नो रिसेट हा पर्याय ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर सगळी उत्तरं पुसून फॉर्म कोरा करकरीत होतो. मी एकदा तीस फॉर्म असे घालवलेत, बॅकअप होता म्हणून आज हे लिहितोय.

मोबाइलवर भरणाऱ्यांचं लॉकने भागत नाही. फोनमधल्या वेगवेगळ्या ॲपमध्ये कंट्रोल नीट चालतीलच असं नाही, गुगल डॉक्समध्ये उघडून परत डाउनलोड केलेल्या फाइलीचंही तेच. आणि काही जण प्रिंट काढून पेनाने भरून फोटो पाठवतात, त्याला नमस्कार करून तो बाजूला ठेवायचा.

मग गुगल फॉर्मच का नाही वापरत?

नेट असेल आणि भरणारा स्वतः फोन वापरणारा असेल तर गुगल फॉर्मच वापरा, हे सगळं पान वाचायची गरज नाही. पेठ, सुरगाण्याकडे रेंजचा भरवसा नसतो तिथे कार्यकर्ते फोन घेऊन फिरणार असतील तर कोबोटूलबॉक्स बघा, ऑफलाइन भरता येतं, रेंज आली की वर जातं. वर्डचा फॉर्म कधी? जेव्हा लांबलचक उत्तरं हवीत, किंवा तोच कागद सही-शिक्क्यासाठी प्रिंटही करायचाय. बाकी वेळी वर्ड वापरलं जातं ते सवयीने.

पुढचा फॉर्म बनवताना काय काळजी घेऊ?

प्रत्येक कंट्रोल निवडून प्रॉपर्टीज उघडा आणि टॅगमध्ये नाव द्या, हे नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि मग प्रश्न मधे एक वाढवला की सगळे कॉलम एकेक घर सरकतात. नाव लहान, इंग्रजीत, स्पेस नको, एकदा दिलं की फॉर्म कितीदा बदला, टॅग तोच ठेवा. जुन्या फील्डला बुकमार्कचं नाव असतं, ते वीस अक्षरांच्या आत आणि अक्षरानेच सुरू झालं पाहिजे. तारखेला डेट पिकर द्या, नाहीतर "गोडी छाटणी कधी केली" याचं उत्तर "दसऱ्यानंतर दोन दिवसांनी" असं येतं. उत्तर शंभर टक्के खरं, पण त्याला सॉर्ट कसं करणार? आणि फॉर्म गावात पाठवायच्या आधी तिघांकडून भरून घ्या, त्यातला एक तरी फोनवर भरणारा असू दे, आणि त्या तीन फाइलींचं एक्सेल काढून बघा. ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

डेटा निघाला की मूळ वर्ड फाइली डिलीट करू का?

नको. एक्सेलमध्ये पहिला कॉलम फाइलच्या नावाचा ठेवा आणि फोल्डर तसंच झिप करून ठेवा. व्हॉट्सॲपवरून तीच फाइल नावापुढे कंसात १, कंसात २ लागून दोनदा येते, तेव्हा मोबाइल नंबरवर डुप्लिकेट शोधून खरी कोणती हे बघायला मूळ लागतंच. आणि मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतोच, "हा आकडा आमच्या गावाचा नाही वाटत", तेव्हा फाइल उघडून दाखवता येते.